एक एरियल, घरभर रेडिओ

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार म्हणजे, "नव्या फ्लॅटमध्ये रेडिओ लागत नाही." सेट उघडून बघावा तर आत सगळं ठीक असतं. दोष घराचा असतो. स्लॅबमधल्या सळ्या, खिडक्यांची लोखंडी ग्रिलं आणि प्रत्येक प्लगमध्ये बसलेले चार्जर, यांच्यातून मिडियम वेव्ह आत पोचेपर्यंत तिचा जीव गेलेला असतो. एफएम बाल्कनीत छान वाजतं आणि स्वयंपाकघरात खरखरतं. यावर मी आमच्या घरात जो उपाय केला आहे, तो इथे सविस्तर सांगतो. घरात जिथे सिग्नल सर्वांत स्वच्छ येतो, तिथे एकच चांगला रिसीव्हर ठेवायचा, त्याचा आवाज एका छोट्या कॉम्प्युटरने घरच्या वायफायवर सोडायचा आणि मग कुठल्याही खोलीत जुन्या मोबाइलवर, टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर तो ऐकायचा.

यासाठी इंटरनेट लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. राउटर लागतो, पण त्याच्या मागे बाहेरून येणारी केबल तुटलेली असली तरी घरातल्या घरात रेडिओ वाजत राहतो.

प्रसार भारतीचं न्यूज ऑन एअर हे अ‍ॅप असताना एवढा खटाटोप का, असं मला बरेच जण विचारतात. अ‍ॅप चांगलंच आहे. परगावी, परदेशी असलेल्या आपल्या माणसांना मी तेच सुचवतो. पण ते इंटरनेटवर चालतं, आणि नेमकं जोराच्या पावसात, लाइट गेल्यावर, जेव्हा आपल्या भागातली बातमी हवी असते, तेव्हाच इंटरनेट दगा देतं. शिवाय सगळा रेडिओ त्या अ‍ॅपवर नाही. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ९०.४ वर आहे, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर. असली सामुदायिक केंद्रं साधारण ५० वॉटच्या ट्रान्समीटरवर चालतात आणि त्यांची हद्द काही किलोमीटरांची. ती त्यांच्या परिसरासाठीच बोलतात. ती हवेतून येताहेत तर हवेतूनच घ्यावीत. मोबाइलमधला एफएम रेडिओ बऱ्याच कंपन्यांनी काढून टाकला किंवा बंद करून ठेवला. २०२३ साली केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल बनवणाऱ्यांना तो चालू ठेवण्याची सूचना केली, आणि त्यात आपत्तीच्या वेळी उपयोग होतो हे कारण दिलं होतं. माझंही म्हणणं तेच आहे.

आता कामाला लागू. नव्वद टक्के लोक कॉम्प्युटरपासून सुरुवात करतात. तुम्ही एरियलपासून करा. खरखर एकदा आत शिरली की पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर ती पूर्ण काढू शकत नाही.

एफएमसाठी साधा डायपोल, म्हणजे दोन तारांची एरियल, पुरतो. १०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी तीन मीटर. डायपोलची एकेक बाजू तिच्या चौथाईपेक्षा किंचित कमी, म्हणजे ७० सेंटिमीटर. तांब्याच्या वायरचे असे दोन तुकडे घ्या, एका लाकडी पट्टीवर किंवा पीव्हीसी पाइपावर सरळ रेषेत ताणून बसवा, मध्ये बोटभर अंतर ठेवा. केबलवाले वापरतात ती आरजी-६ केबल आणा. तिची मधली तार एका तुकड्याला, बाहेरची जाळी दुसऱ्याला, नीट डाग देऊन जोडा आणि जोडावर पाणी जाणार नाही असं करा. केबल ७५ ओहमची आणि पुढचा रिसीव्हर ५० ओहमचा असला तरी त्या फरकाने होणारं नुकसान इतकं किरकोळ आहे की त्याची काळजी करू नका. आधी डायपोल उभा धरून ऐका, मग आडवा. बाल्कनीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू सरका. एका हाताच्या अंतरात आवाज पडतो आणि उठतो, कारण समोरच्या इमारतींवर आपटून आलेले सिग्नल एकमेकांना मारतात. जी जागा सापडेल तिथेच तो पक्का करा. ग्रिलला चिकटवू नका, निदान दोन फूट लांब असू द्या.

मिडियम वेव्हचं शास्त्र वेगळं. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर, सांगली १२५१ वर, रत्नागिरी ११४३ वर. इथे लहरीची लांबी शेकडो मीटर असते, त्यामुळे घरगुती डायपोलला अर्थ नाही. ट्रान्झिस्टरच्या आत जी काळी फेराइटची कांडी असते, तीच एरियल. ती दिशा पाळते: कांडीचं टोक केंद्राकडे गेलं की आवाज बसतो, कांडी आडवी झाली की उघडतो. म्हणून सेट ठेवून काटा फिरवण्याऐवजी काटा ठेवून सेट फिरवा. हीच युक्ती गोंगाटासाठीही वापरता येते. शेजारच्या घरातून गुंइं असा आवाज येत असेल तर कांडीचं टोक त्या दिशेला करा. केंद्राचा आवाज थोडा कमी झाला तरी चालेल, गोंगाट त्याहून जास्त कमी होतो.

गोंगाट शोधायची माझी पद्धत अशी. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर, जिथे कुठलंच केंद्र नाही अशा जागी लावा. घरातल्या एमसीबी एकेक करून खाली पाडा आणि कान देऊन ऐका. ज्या एमसीबीबरोबर खरखर बंद होते, त्या खोलीत गुन्हेगार आहे. मग त्या खोलीतली एकेक वस्तू काढून बघा. स्वस्तातली एलईडी ट्यूब, मोबाइलचा चार्जर, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर, आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. हा शेवटचा फार त्रास देतो. पंखा पूर्ण वेगावर असताना गप्प आणि दोनवर आणला की करकर सुरू, असं असेल तर खात्रीने तोच. त्याच्या जागी टप्प्याटप्प्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की प्रश्न मिटतो. अडॅप्टर बदलता येत नसेल तर त्याच्या वायरला फेराइटची क्लिप लावा आणि वायरचे दोन-तीन वेढे त्यातून घ्या. ही क्लिप पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळते, आणि रेडिओसाठी घरात केलेला इतका कमी खर्च दुसरा नाही.

एवढं झालं की आवाज कॉम्प्युटरमध्ये न्यायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग ट्रान्झिस्टरचा. मिडियम वेव्हसाठी मी हाच वापरतो, कारण चांगल्या फेराइट कांडीला तोड नाही. ट्रान्झिस्टरच्या इअरफोनच्या भोकातून साडेतीन मिलिमीटरची वायर काढायची आणि यूएसबी साउंड कार्डाच्या गुलाबी भोकात घालायची. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला आवाज आत घ्यायची सोयच नाही, म्हणून हे कार्ड लागतंच. माइकचं भोक फार संवेदनशील असतं, इअरफोनचा आवाज त्याला झेपत नाही आणि शब्द फाटल्यासारखे येतात. त्यासाठी मध्ये दोन रेझिस्टर टाका: दहा किलोओहमचा सिग्नलच्या वाटेत, आणि त्याच्या पुढे, कार्डाच्या बाजूला, एक किलोओहमचा सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये. आवाज साधारण अकरा पटींनी खाली येतो. मग ट्रान्झिस्टरचा आवाज तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा आणि बाकीचं कॉम्प्युटरमध्ये जुळवा.

ट्रान्झिस्टर कॉम्प्युटरपासून निदान दीड मीटर लांब हवा. कॉम्प्युटर स्वतःच गोंगाट करतो आणि तो याच वायरवरून उलटा रेडिओत चढतो, म्हणून इथेही फेराइट क्लिप लावा, रेडिओच्या टोकाला. रेडिओ अडॅप्टरवर चालवला की खोल घुंघुं ऐकू येते. रिचार्ज होणाऱ्या सेलवर चालवला की ती जाते. सेल बदलायचा कंटाळा असेल तर वायरच्या मध्ये सहाशेला सहाशे ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाका. दोन्हीकडचे ग्राउंड वेगळे होतात आणि घुंघुं थांबते.

दुसरा मार्ग डोंगलचा, एफएमसाठी. आरटीएल-एसडीआर नावाने मिळणारा हा यूएसबी डोंगल मुळात परदेशात डिजिटल टीव्ही बघण्यासाठी बनला. त्यात रिअलटेकची आरटीएल २८३२यू ही चिप आहे. २०१२ च्या सुमारास काही हौशी मंडळींच्या लक्षात आलं की ही चिप हवेतल्या लहरींचे कच्चे आकडे थेट कॉम्प्युटरला देऊ शकते, आणि मग काटा, फिल्टर, डिटेक्टर हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. आयुष्यभर गँग कंडेन्सर आणि आयएफटी हे रेडिओतले भाग हाताने जुळवत आलेल्या माणसाला हे बघताना किती आनंद झाला ते शब्दांत सांगणं अवघड आहे. आमच्या कामातला प्रत्येक टप्पा तिथे आहे, फक्त गणितात.

डोंगल सरळ पायला खोचू नका. मीटरभर यूएसबीची एक्स्टेन्शन वायर मध्ये घ्या, म्हणजे पायचा गोंगाट लांब राहील आणि डोंगल तापतो त्यालाही हवा मिळेल. लांबी वाढवायचीच असेल तर एरियलची केबल वाढवा, यूएसबी नको, ती पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही.

कॉम्प्युटर म्हणून रास्पबेरी पाय हवाच असं नाही. कोपऱ्यात पडलेला जुना लॅपटॉप उलट बरा, कारण त्याच्यात बॅटरी असते. लाइट गेली तरी तो चालू राहतो. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की अंधारातही बातम्या येतात. दोन्हींवर डेबियन जातीचं लिनक्स ही चालक प्रणाली टाका आणि पॅकेजच्या यादीतून आरटीएल-एसडीआर (डोंगल चालवणारं), एफएफएमपेग (आवाजाचं रूप बदलणारं) आणि आइसकास्ट (तो आवाज घरभर वाटणारं) ही तीन उतरवून घ्या.

पहिलीच अडचण अशी येते की लिनक्स डोंगलला टीव्हीचा समजून आपलं ड्रायव्हर त्याला जोडून टाकतं आणि रेडिओचा प्रोग्राम म्हणतो की डोंगल वापरात आहे. त्या टीव्हीच्या ड्रायव्हरचं नाव मॉड्यूलच्या काळ्या यादीत, म्हणजे सुरू करायचे नाहीत अशांच्या यादीत, घातलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं की मार्ग मोकळा.

आरटीएल-एफएम हा प्रोग्राम डोंगलकडून एक केंद्र काढून देतो. त्याला फ्रिक्वेन्सी सांगायची, उदाहरणार्थ पुण्याच्या विविध भारतीची १०१ मेगाहर्ट्झ, आणि वाइडबँड एफएम म्हणायचं. तो १६ बिटांचा, एका चॅनलचा, सेकंदाला ३२ हजार नमुन्यांचा कच्चा आवाज बाहेर टाकतो. तो एफएफएमपेगकडे पाइपने, म्हणजे एका प्रोग्राममधून थेट दुसऱ्यात, द्यायचा. कच्च्या आवाजाला स्वतःची ओळख नसते, म्हणून हेच तीन आकडे एफएफएमपेगलाही सांगावे लागतात. ३२ हजारच्या जागी ४८ हजार सांगितलंत तर निवेदिका पोपटासारखी बोलू लागेल. एफएमवर आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंतच असतो, त्यामुळे ३२ हजार नमुने पूर्ण पुरतात.

एक बारीक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. एफएमवर उंच सूर चढवून पाठवतात आणि रिसीव्हर ते उतरवतो. आपल्याकडे हे उतरवणं ५० मायक्रोसेकंदांचं असतं, अमेरिकेत ७५ चं. आरटीएल-एफएम ठरवून ७५ चंच करतो. त्यामुळे आवाज किंचित बसका येतो, सतारीची तार आणि टाळ यांची धार जाते. म्हणून वाइडबँडचा तयार पर्याय घेण्याऐवजी मी साधा एफएम घेतो, त्याला १७० हजारांचा सँपल रेट, चारचं ओव्हरसँपलिंग आणि ३२ हजारांचा आउटपुट देतो, डीएम्फसिस, म्हणजे हे उतरवणं, मागतच नाही, आणि पुढे एफएफएमपेगमधल्या एम्फसिसच्या फिल्टरला '५० एफएम' हा प्रकार सांगतो. फरक कानाला कळतो.

गेन, म्हणजे सिग्नल किती चढवायचा ते, आपोआपवर सोडू नका. डोंगल आठ बिटांचाच आहे. शहरात जवळचं एखादं खाजगी केंद्र जोरात असलं की तो भरून जातो आणि एका केंद्रावर दुसरं ऐकू येतं. गेन कमी करत आणा. मागची सळसळ वाढायला लागली की एक पायरी वर जा आणि तिथे थांबा. आवाज मोनो येतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दूरच्या केंद्राचा स्टिरिओ मोनोपेक्षा फार जास्त सळसळतो.

एफएफएमपेग त्या आवाजाचं एमपी३ करून आइसकास्टला देतो. ओपस हा प्रकार जास्त कार्यक्षम आहे, पण एमपी३ घरातल्या सगळ्यात जुन्या मोबाइलवरही वाजतो आणि माझ्यासाठी तेच महत्त्वाचं. एफएमला ९६ किलोबिट मोनो ठेवा. मिडियम वेव्हला ४८ भरपूर झाले. तिथे केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झवर बसलेली असल्यामुळे पाच किलोहर्ट्झच्या वर ऐकण्यासारखं काही नसतं, शिटीच असते. एफएफएमपेगमध्ये लो-पास फिल्टर (वरचं कापणारा) पाच हजारावर लावा, हाय-पास (खालचं कापणारा) शंभरावर, आणि बातम्या एकदम स्पष्ट होतील.

आइसकास्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तीन पासवर्ड असतात: सोर्स, रिले आणि अ‍ॅडमिन. सुरुवातीला असलेले पासवर्ड जगाला माहीत आहेत, ते पहिल्यांदा बदला. त्याचं दार ८००० नंबरचं. प्रत्येक केंद्राला एक माउंट, म्हणजे पत्त्यातलं वेगळं नाव; मी त्यांना 'पुणे' आणि 'विविध' असली सरळ नावं इंग्रजी अक्षरांत दिली आहेत. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या भागात) या मशीनचा पत्ता राखून ठेवा, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलतो आणि घरातले सगळे म्हणतात रेडिओ बंद पडला. मशीन राउटरला लॅनच्या वायरनेच जोडा.

मग मोबाइलवर व्हीएलसी हे प्लेअर अ‍ॅप उघडायचं, नेटवर्क स्ट्रीममध्ये मशीनचा पत्ता, कोलन, ८०००, तिरकी रेघ आणि माउंटचं नाव लिहायचं. सगळं बरोबर असून एखाद्या फोनवर वाजत नसेल तर तो पाहुण्यांच्या वायफायवर आहे का ते बघा. तिथून घरातली दुसरी यंत्रं दिसत नाहीत. शेवटी एफएफएमपेगची आणि रेडिओची ती जोडी सिस्टमडीमध्ये (प्रोग्राम आपोआप चालू ठेवणारी लिनक्सची व्यवस्था) सर्व्हिस म्हणून घाला, 'बंद पडली तर पुन्हा सुरू' या अटीसह. हे केलं नाही तर रोज सकाळी कोणीतरी तुम्हाला उठवणार.

आवाज थोडा उशिरा येतो. आइसकास्ट नव्या श्रोत्याला सुरुवातीलाच ६४ किलोबाइटचा साठा एकदम देतो, म्हणजे ऐकणं लगेच सुरू व्हावं. ९६ किलोबिटच्या आवाजात तो साडेपाच सेकंदांचा होतो, ४८ च्या आवाजात अकरा सेकंदांचा. म्हणून या आवाजावर घड्याळ लावू नका. या साठ्याचा, म्हणजे बर्स्टचा, आकडा कमी केला की उशीर कमी होतो, मात्र वायफाय कच्चं असेल तर आवाज तुटायला लागतो. दोन खोल्यांत एकाच वेळी रेडिओ लावला तर दोघांत एक-दोन सेकंदांचा फरक पडतो आणि मधल्या पॅसेजमध्ये उभं राहवत नाही. तेवढ्यासाठी स्नॅपकास्ट आहे. ते सगळ्या यंत्रांची वेळ जुळवून आवाज एकत्र वाजवतं. त्याला एफएफएमपेगकडून ४८ हजार नमुन्यांचा स्टिरिओ आवाज लागतो.

माझी आई ऐंशीच्या पुढे आहे, तिच्यासाठी वेगळी सोय केली. टच स्क्रीन तिला जमत नाही, आणि तिने ते शिकावं असं मला वाटतही नाही. तिच्या उशाशी एक जुना मोबाइल चार्जरला लावून ठेवला आहे, त्याला छोटा स्पीकर, आणि स्ट्रीम दिवसभर चालूच असतो. तिने फक्त स्पीकरचं गोल बटण फिरवायचं. कट्ट आवाज होऊन चालू आणि कट्ट होऊन बंद, जसं तिच्या रेडिओला होतं तसंच. सकाळी "बातम्या लागल्या का रे" असं विचारायची तिला आता गरज पडत नाही.

सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या कधी हुकतात, म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम सुरू करणारा लिनक्सचा प्रोग्राम) रेकॉर्डिंग लावून ठेवलं आहे. ७:०८ ला सुरू, ७:२२ ला बंद, फाइलला तारखेचं नाव. स्वतःसाठी असं रेकॉर्डिंग करायला कायद्याची मुभा आहे. पण हा स्ट्रीम घराबाहेर सोडू नका. राउटरमध्ये ८००० चं दार बाहेरच्या जगासाठी उघडलं की ते पुनःप्रसारण झालं, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रसारणाचा हक्क प्रसारण करणाऱ्या संस्थेकडे राखलेला आहे. सोसायटीच्या ग्रुपवर पत्ता टाकायचा मोह होतो. त्याऐवजी शेजाऱ्यांना डायपोल बनवून द्या.

वळवाचे दिवस आले की एक काम न चुकता करा. आभाळ भरून आलं, गडगडायला लागलं की बाल्कनीतली केबल डोंगलपासून काढून ठेवा. वीज प्रत्यक्ष पडायची गरज नसते, लांब चमकली तरी तारेत इतका झटका येतो की डोंगल जातो आणि त्याच्या मागे यूएसबीचं पोर्टही. मी केबलच्या टोकाला स्क्रूचा कनेक्टर लावला आहे, दोन आटे फिरवले की सुटतो. तेवढा वेळ मिडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर चालू राहू द्या. त्याची एरियल त्याच्या पोटात आहे आणि तो सेलवर आहे.